वीस घरांतला एक कागद

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वसाहतीचे सचिव आदरणीय विलासराव साळवे साहेब, मुद्दाम पनवेलहून आलेल्या प्रमुख पाहुण्या मालतीबाई, आजच्या सत्कारमूर्ती राजश्रीताई कासारे, सूत्रसंचालन करणारी आमची करावे गावची प्रिया, आणि पंख्याखालच्या खुर्च्या आधीच पकडून बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना जय भीम.

सगळ्यात आधी एक कबुली. ताईंच्या निरोपाला चार शब्द बोल, असं विलासरावांनी मला तीन आठवड्यांपूर्वी सांगितलं. लिहून आण, असंही सांगितलं, कारण मी न लिहिता बोललो की कुठल्या कुठे जातो हे त्यांना मागच्या वर्धापनदिनापासून माहीत आहे. पहिला आठवडा कागद आणला नाही म्हणून गेला. दुसऱ्या आठवड्यात कागद आणला, पण त्याच्यावर एका पंख्याचं चित्र काढत बसलो. तिसरा कुठे गेला ते मला खरंच सांगता येणार नाही. आज दुपारी साडेबाराला पहिली ओळ लिहिली, ती म्हणजे तुम्ही आत्ता ऐकलेली नावं. दुसरी लिहिणार तेवढ्यात अंकुशदादांचा फोन आला आणि लिहिणं राहिलं ते राहिलंच. त्यामुळे हातात हा जो कागद दिसतोय त्याच्यावर फक्त नावं आहेत. बाकी सगळं डोक्यात आहे, आणि डोकं आज जागेवर नाही.

का नाही, तेही सांगून टाकतो. गोड गोड बोलायला आलो होतो, पण जमेल असं वाटत नाही. तिसऱ्या रांगेत अंकुशदादा बसलेत. शेजारी त्यांची मुलगी क्रांती, मांडीवर लॅपटॉप घेऊन. समारंभात लॅपटॉप बरा दिसत नाही, असं मघाशी कोणीतरी तिला म्हणालं. त्यांना माझी नम्र विनंती आहे की तिला बसू द्या. क्रांतीला नर्सिंगला जायचंय. जातपडताळणीच्या अर्जाला तिच्या आजोबांचा शाळेचा दाखला जोडायचाय, १९४६ सालचा. मूळ दाखला मागच्या पावसाळ्यात वरच्या घरातल्या बाथरूमच्या गळतीने भिजून लगदा झाला. त्याची प्रत आपल्या डब्यांमध्ये आहे. अर्जाची मुदत उद्या, शनिवारी, संध्याकाळी पाचला संपते. डब्यांमधून तो कागद बाहेर यायला बारा तुकडे लागतात. आत्ता या मिनिटाला आपल्याकडे अकरा आहेत.

अकरा! म्हणजे बघा, एकही नसता तर माणूस शांत तरी झोपला असता.

मालतीबाई, तुम्ही बाहेरून आलात, तुम्हाला हे डब्यांचं प्रकरण माहीत नाही. ते सांगितल्याशिवाय ताई कोण हे कळणार नाही, म्हणून सांगतो. अध्यक्षसाहेब, घड्याळ दिसतंय मला.

मी काही फार शिकलेला माणूस नाही. आयटीआय अर्धवट सोडली. मग हिंडत राहिलो. रत्नागिरीला होड्या दुरुस्त करायच्या कारखान्यात अकरा दिवस होतो, कच्छमध्ये एका धाब्यावर दोन महिने, तिथे एक शिवा नावाचा ट्रक ड्रायव्हर होता, तो गाडीचे टायर हुंगून सांगायचा की... जाऊ दे, ते नंतर. सांगायचं हे की हिंडून परत आलो आणि इकडे पावणे एमआयडीसीच्या पट्ट्यात एका डेटा सेंटरमध्ये केबल ओढायच्या कामाला लागलो. ठेकेदाराकडे. सात महिने. नाव घेत नाही, घेऊन उपयोग नाही, बाहेरून सगळ्या इमारती सारख्याच दिसतात, खिडकी नसलेल्या.

आत काय असतं माहितीये? कपाटं. लांबच लांब कपाटं आणि त्यांच्यात घरघरणारी यंत्रं. पुढच्या बाजूने इतका गार वारा की मे महिन्यात मी स्वेटर घालायचो, आणि मागच्या बाजूने इतकी गरम हवा की स्वेटर काढून कंबरेला बांधायचो. दिवसाला वीस वेळा. ती गरम हवा गार करायला पाणी, पाणी आणायला टँकर. लाइट गेली तर म्हणून डिझेलचे जनरेटर, एकेक खोलीएवढा, आणि ते जनरेटर ऐन वेळी चालू होतील ना हे बघायला मधूनमधून उगाच चालवायचे. गेटबाहेर टँकरची रांग बघत मी डबा खायचो आणि विचार करायचो, हे सगळं कशासाठी? तर मी काढलेला वडापावचा फोटो रात्रंदिवस जागा राहावा म्हणून. मी स्वतः तो फोटो परत कधी बघितला नाही. पण न जाणो, मागितला तर?

त्या दिवसांत राजश्रीताईंची आणि माझी ओळख झाली. ओळख म्हणजे ओरडा. ताई तेव्हा तळोज्याच्या कंपनीत क्लार्क होत्या आणि संध्याकाळी विहारातली अभ्यासिका चालवायच्या. मी अभ्यासिकेत फुकटचा मोबाइल चार्ज करायला जायचो. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "पुस्तक कुठंय?" मी म्हटलं, मी डेटा सेंटरला आहे. कशाने कुणास ठाऊक, मला वाटलं त्या प्रभावित होतील. त्या म्हणाल्या, "मग सांग बघू, आपल्या लोकांचे कागद मी मोबाइलमध्ये काढून क्लाउडवर टाकलेत. ते तुझ्या इमारतीत आहेत का?"

म्हटलं, "ताई, तसं सांगता येत नाही. इथे असतील, हैदराबादला असतील, परदेशातही असतील."

"म्हणजे वेणूबाईंचा जातीचा दाखला कुठल्या देशात आहे हे तुला माहीत नाही?"

"कोणालाच माहीत नसतं, ताई."

"आणि तो सांभाळायला किती पाणी लागतं हे?"

"तेही नाही."

"मग तू तिथे करतोस काय?"

"केबल ओढतो."

ताईंनी माझा चार्जर काढून हातात दिला. पुढचे चार दिवस मी तिकडे फिरकलो नाही. पाचव्या दिवशी गेलो ते डब्याची कल्पना घेऊनच. इंटरनेटवर वाचलं होतं की जगात लोक हे करतात. एकाच मोठ्या इमारतीत सगळं ठेवण्याऐवजी घराघरांत थोडं थोडं ठेवायचं. प्रत्येकाचा कागद आधी कुलूपबंद करायचा, मग त्याचे वीस तुकडे करायचे, असे की वीसपैकी कुठलेही बारा हाताला लागले की पूर्ण कागद परत जुळतो. एक तुकडा एका घरात. ज्याच्या घरात तुकडा आहे त्याला तो वाचता येत नाही. आठ घरं बंद पडली तरी काम चालतं. एसी नको, टँकर नको, जनरेटर नको. घरं तर उभीच आहेत.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वीस नवी यंत्रं विकत आणणार असशील तर मला पर्यावरण शिकवू नकोस."

म्हणून आम्ही तुर्भ्याच्या भंगारवाल्याकडे गेलो. ऑफिसांतून काढून टाकलेले छोटे कॉम्प्युटर असतात, जेवणाच्या डब्याएवढे. तिथून हे डबे आले. मग ताईंनी प्लगला लावायचा मीटर आणला आणि महिनाभर एका डब्यावर लावून ठेवला. झिरोच्या बल्बपेक्षा कमी वीज. मी नाचायला लागलो. ताई वहीत बघून म्हणाल्या, "एकाचं ठीक आहे. वीस डब्यांचं मिळून काय? आपले मूठभर कागद तिकडच्या इमारतीत याहून कमी विजेत राहत असतील."

मला राग आला. पण बाई बरोबर बोलत होती. पाच माणसांसाठी अख्खी एसटी सोडली आणि वर म्हटलं की बघा, विमानापेक्षा हिरवी, तर कोण ऐकेल? एसटी भरायला पाहिजे. मग ताईंनी ती भरली. आजूबाजूच्या चार सोसायट्यांचे कागद, अभ्यासिकेतल्या शिकवण्यांचे व्हिडिओ, लग्नांचे अल्बम. आणि मला सांगितलं की कोणी काही मागत नसेल तेव्हा डबा पेंगला पाहिजे. ते मी केलं. मी आयुष्यात वेळेवर पूर्ण केलेलं ते एकमेव काम.

टाळ्या नकोत, अजून वैताग सुरूच व्हायचाय.

वीस घरांत डबे बसवले. तुम्हा सगळ्यांच्या घरी. आणि तुम्ही माझ्या डब्यांचं काय केलंत? मिक्सर लावायला प्लग काढलात. इस्त्री करायला काढलात. एका घरी, नाव घेत नाही, पण ते दुसऱ्या रांगेत खाली बघतायत, डब्याला क्रोशाचं कव्हर घातलं होतं. गुलाबी. बिचारा आत उकडून निघाला. करावे गावात भागीरथीकाकींनी दसऱ्याला सगळ्या हत्यारांबरोबर डब्यालाही हळदकुंकू वाहिलं. श्रद्धेला माझी ना नाही, पण कुंकू पंख्यात गेलं. मी ब्रश घेऊन सकाळभर बसलो होतो, आणि काकी विचारत होत्या, "झाला का रं बरा?"

आणि ताई? ताई रोज संध्याकाळी अभ्यासिका उघडण्याआधी एक फेरी मारायच्या. कोणाच्या डब्याचा दिवा बंद दिसला की बेल वाजवायच्या. "प्लग लावा." बस, एवढंच. वीज फुकट नसते, वायर पायात येते, सगळं ऐकून घ्यायच्या आणि परत म्हणायच्या, "प्लग लावा." तीन वर्षं. आपण त्याला तंत्रज्ञान म्हणतो. माझ्या माहितीप्रमाणे ते तंत्रज्ञान म्हणजे ताईंच्या चपला.

आता मुद्द्यावर येतो. या जानेवारीत ताईंनी मला बोलावून घेतलं. समोर वीस घरांची यादी, आणि प्रत्येक नावापुढे गाव लिहिलेलं. म्हणाल्या, "सौरभ, तू तुकडे घरं मोजून वाटलेस. गावं बघून वाटायला हवेत."

म्हटलं, "का?"

"मंडणगडकडची आपली आठ घरं आहेत. आठही एकाच वाडीची. मेमध्ये वाडीची संयुक्त जयंती असते, तेव्हा आठही घरं एकाच दिवशी निघतात. आणि गावाला जाताना माणूस काय करतो?"

मी म्हटलं, "गॅस बंद करतो."

"आणि?"

"नळ."

"आणि?"

आणि मेन स्विच! गावाला जाताना मेन स्विच बंद करून, दार दोनदा ओढून बघून जात नाही असा माणूस अख्ख्या नवी मुंबईत शोधून दाखवा. मी इंटरनेटच्या ज्या पानांवरून हे शिकलो त्यांत लिहिलं होतं की डबे बंद पडतात ते कधी हा, कधी तो, आपापले. तिकडच्या लोकांना वाडी नसावी. आमच्याकडे माणूस एकटा जातच नाही. जातो तो वाडीच्या वाडी.

ताईंचं म्हणणं साधं होतं. मंडणगडवाले मेमध्ये जाणार. मराठवाड्याकडची घरं दिवाळीत जाणार. पण करावे गावातल्या लोकांचं गाव इथेच, त्यांना गावाला जायचंच नसतं. म्हणून तिकडे पाच-सहा घरी डबे ठेव आणि मंडणगडवाल्यांपैकी निम्मे कमी कर. गावांची पाळी लाव म्हणजे एक झोपलं तरी दुसरं जागं असेल. दोन दिवसांचं काम होतं. मी म्हटलं, करतो. जानेवारी गेला. फेब्रुवारीत मी एका मित्राबरोबर माथेरानच्या पायवाटेने... नाही, तेही नंतर. केलं नाही. एवढंच.

आणि मार्चमध्ये जे केलं ते न केलेलं बरं होतं. तेव्हा करावे गावात आपला एकच डबा होता, गोटीरामकाका पाटलांकडे, म्हणजे भागीरथीकाकींच्याच घरी. काकांना तुम्ही ओळखता, प्रियाचे चुलते, खाडीवरचा जुना माणूस, आता चार खोल्या भाड्याने दिलेल्या. मी त्यांच्याकडे गेलो, त्यांच्या भाच्याच्या हळदीला, मांडवात पन्नास माणसं. काकांनी विचारलं, "सौरभ, या डब्यान हाय तरी काय?" मी म्हटलं, "काका, लोकांचे कागद आहेत. दाखले, करार, पावत्या."

काकांचा चेहराच बदलला. "कोनाचं कागद?"

"सगळ्यांचे. थोडे थोडे."

"माज्या घरान दुसऱ्याचा कागद? उद्या तो येल न् बोलेल, माजा कागद हितं हाय, म्हंजे माजा हक बी हितं हाय. मंग मी काय करू?"

आणि मी हसलो. पन्नास माणसांसमोर हसलो. वर म्हणालो, "काका, कॉम्प्युटरमधल्या कागदाने कोणी घर बळकावत नाही, तुम्ही पण ना!" माझं बघून आणखी चारजण हसले. काका आत गेले, प्लग काढला, डबा माळ्यावर टाकला.

हे मी ताईंना विनोद म्हणून सांगितलं. ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्यांच्या खोलीत एक भाडेकरू होता. त्याच्या रेशनकार्डावर काकांचा पत्ता होता. तेवढ्या एका कागदावर तो खोली आपली म्हणाला. आठ वर्षं कोर्टात गेली. तुला माहीत होतं का?"

नव्हतं. आणि मी विचारलंही नव्हतं.

तर आता आज. काल सकाळी मंडणगडची आठ घरं गेली. आठ मेन स्विच, खट खट खट खट. एक डबा माळ्यावर. विसातून नऊ गेले, राहिले अकरा. दुपारी अंकुशदादांनी दाखला काढायला घेतला तर तो जुळेना. त्यांनी मला फोन केला. मी आठही जणांना लावला. शेजाऱ्याकडे किल्ली असेल म्हणून चौकशी केली. हो, असते. शेजारीही त्याच वाडीचा. तो किल्ली घेऊन गावाला. वाडीत रेंज नाही, सोमवारी येतील. कुलूप तोडायचं तर विचारायचं कोणाला? विलासराव म्हणाले, लेखी संमती लागेल. बरोबर आहे साहेब, नियमच आहे तो, मी काही म्हणत नाही.

त्या आठांतले एक दत्तूभाऊ तेवढे फोनवर लागले. मंडपाचं सामान आणायला तालुक्याला आले होते. मला इतका आनंद झाला. म्हटलं, "दत्तूभाऊ, तुमची किल्ली कुठंय?"

"किल्ली कशाला? डब्याचं टेन्शन ना? डबा एकदम सेफ आहे."

"कुठे सेफ आहे?"

"इथं वाडीत. बरोबर आणलाय. स्टेजवर ठेवलाय पोरांना दाखवायला, आपल्या वस्तीने काय केलंय ते. हार घातलाय."

"तिथे नेट आहे का?"

"नेट नाय रे. पण लायटिंग लय भारी केलीय." डबा तालुक्याला घेऊन या म्हणणार तेवढ्यात फोन कटला, तो परत लागलाच नाही.

मला सांगा, या माणसावर रागवायचं कसं? मी रागावलो, पण कसं, ते मला कळलं नाही.

मग राहिले काका. दुपारी उन्हात मी करावेला गेलो. भागीरथीकाकी दारात. "काका घरान नाय."

"आणि या चपला?"

"चपला हायेत. काका नाय."

मी अर्धा तास ओट्यावर बसलो. काकींनी पाणी दिलं, सरबत दिलं, काका दिले नाहीत. आतून खोकल्याचा आवाज आला. काकी म्हणाल्या, "टीव्ही हाय." मी निघालो.

परत आलो तर विलासराव भेटले. रागावू नका साहेब, पण तुम्ही बोललात ते सगळ्यांच्या मनात आहे, म्हणून इथे बोलतो. तुम्ही म्हणालात, "सौरभ, तुझ्या त्या पावण्याच्या इमारतीत ठेवला असता तर पोरीला दाखला एका क्लिकवर मिळाला असता." आणि पुढच्या महिन्याच्या सभेत डबे बंद करून कंपनीचं क्लाउड घ्यायचा ठराव आहे, हेही सांगितलंत. ताईही जातायत, फेरी कोण मारणार?

साहेब, खरं सांगू? हो. मिळाला असता. मी खोटं बोलणार नाही, क्रांती समोर बसली आहे. त्या इमारतीला गाव नाही, ती जयंतीला जात नाही, मेन स्विच बंद करत नाही. म्हणून तर तिला टँकर लागतात! कोणी कधीही काहीही मागेल या भीतीने ती रात्रंदिवस जागी असते, आणि त्या जागरणाचं पाणी कुठल्या गावाच्या वाट्याचं असतं ते आपण विचारत नाही. आपल्याला एवढ्या जागरणाची गरज नाही. आपल्याला पाळीची गरज आहे. हे ताईंनी जानेवारीत, क्लार्कच्या वहीत, पेन्सिलीने लिहून दिलं होतं. फसला तो डबा नाही. फसला तो सौरभ. ठरावात तसं लिहा आणि मग खुशाल मत घ्या.

आणि काकांचं सांगतो. ते इथे नाहीत, येणारही नाहीत. आमंत्रण द्यायची कोणाची हिंमत झाली नाही, माझी तर नाहीच. पण मांडवात हसलो ते पन्नास माणसांसमोर, तर माफीही माणसांसमोर मागितली पाहिजे. दुपारभर मी विचार करतोय की त्या दिवशी काका काय चुकीचं बोलले? कागद कोणाच्या घरात आहे याने काही फरक पडत नाही, असं मी म्हणालो. एका कागदासाठी त्यांची आठ वर्षं गेली. एका कागदासाठी आज क्रांतीची जागा जायची वेळ आलीये. इथे बसलेल्या कुठल्या घरात असा एखादा कागद नाही, सांगा ना? कागदाची ताकद त्या मांडवात एकट्या काकांना कळत होती आणि मी तिथे हसत उभा होतो. प्रिया, तुझ्या काकांना सांग, सौरभ चुकला. डब्यासाठी नाही सांगत. डबा माळ्यावर राहू दे.

ताई, तुमच्याबद्दल बोलायला उभा राहिलो आणि सगळी गाऱ्हाणी सांगत बसलो. उद्या सकाळी तुम्ही महाडकडे कायमच्या निघणार. दुपारपासून तुम्ही क्रांतीला तीन वेळा सांगितलंत की मी उद्या थांबते, आणि क्रांती तीन वेळा म्हणाली की ताई, तुम्ही थांबून तुकडा येणार आहे का? ती चिडून बोलली. तुम्ही तिचे केस नीट केलेत आणि पुढच्या रांगेत येऊन बसलात. शाल घेतलीत, श्रीफळ घेतलंत, हसलात. मला विचाराल तर आज तुम्हाला शाल द्यायची नव्हती, आज तुम्हाला बारावा तुकडा द्यायचा होता. ते आम्हाला जमलं नाही. तुमचा सत्कार आम्ही अकरातच केला.

तुमची फेरी उद्यापासून मी मारीन. हसू नका, दुसरी रांग. मी आळशी आहे, पण हिंडायची मला सवय आहे, आणि फेरी म्हणजे हिंडणंच. करावेत पाच घरं शोधीन. आधी त्यांचं ऐकून घेईन, मग प्लग शोधीन. क्रांतीसाठी उद्या सकाळी सहाला मी मंडणगडला जाणारी पहिली गाडी पकडतोय. पाचच्या आत किल्ली घेऊन परत येणं होत नाही, हे मला माहीत आहे. हिशोब नको सांगायला. पण इथे बसून राहणं मला जमणार नाही.

अध्यक्षसाहेब, आपण मला वेळेपेक्षा दुप्पट बोलू दिलंत आणि वर मीच आपल्यावर घसरलो, तरी आपण माइक बंद केला नाहीत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. मालतीबाई, तुम्ही कौतुकाचे शब्द ऐकायला आलात आणि कुरकूर ऐकलीत, तरी मान डोलावत राहिलात, तुमचे आभार. चहा-नाश्त्याची व्यवस्था करणाऱ्या महिला मंडळाचे आभार, वास मघापासून येतोय. बोलण्याच्या ओघात कोणाच्या कव्हराबद्दल, कुंकवाबद्दल, हाराबद्दल वेडंवाकडं बोललो असेन, कोणाचं नाव मान न ठेवता घेतलं असेल, तर वयाने लहान आहे, पदरात घ्या. ताई, तुम्ही तर रोजच घेत आलात. इथेच थांबतो. जय...

एक मिनिट. प्रिया हात करतेय. काय? इकडे ये ना, माइकवर सांग. नाही? बरं, चिठ्ठी दे.

"गोटीरामकाका गेटवर आलेत. आत येत नाहीत. हातात डबा आहे. ताई गाव सोडून चालल्या कळलं, म्हणून त्यांची वस्तू त्यांच्या हातात परत द्यायला आलेत. क्रांतीचं त्यांना काही माहीत नाही."

अंकुशदादा, धावू नका. दादा, बसा, ते घाबरतील. ताई, तुम्ही उठा. तुम्हीच जा.

दार उघडं ठेवा, मला दिसतंय. काका, मी इथूनच बोलतो, पुढे येत नाही. तो डबा परत द्यायच्या आधी एकदा, दहा मिनिटं, लावू का? त्यात या मुलीच्या आजोबांचा कागद आहे. तुमच्या घरावर तिचा काही हक्क नाही, हे मी या सगळ्या माणसांसमोर सांगतो. लावू का, काका?

ताई, काय म्हणतायत ते?

"लाव" म्हणतायत. आत येतायत. पहिल्या रांगेतली खुर्ची द्या त्यांना, माझी द्या.

क्रांती, माझ्या फोनचं नेट घे. अध्यक्षसाहेब, क्षमा असावी, व्यासपीठाजवळ चालू प्लग एकच आहे, या माइकचा. तो मी आता काढतो